चाम बेटावरचे अकरा सत्कार

आमच्या भागात माणूस जन्मला की बारसं होतं, आणि तिथून पुढं मरेपर्यंत सत्कार होतात. पोरगं दहावी झालं, सत्कार. सोसायटीला निवडून आला, सत्कार. पडला, तर चांगली लढत दिल्याबद्दल सत्कार. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आजवर जेवढ्या शाली वाटल्या गेल्या, तेवढी थंडी इथं कधीच पडलेली नाही. त्यामुळं व्हिएतनामला जायचं ठरलं तेव्हा आमच्या अध्यक्षांनी कपड्यांच्या आधी शाली भरल्या. मोजून अकरा.

अध्यक्ष म्हणजे दोन्ही तालुक्यांतल्या खत-औषधांच्या दुकानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष. ते कधीपासून अध्यक्ष आहेत हे संघटनेत कुणालाच आठवत नाही. आमचे हे त्यांचे सचिव. एका कंपनीनं ठिबकमधून सोडायचं खत जास्तीत जास्त विकणाऱ्या दुकानदारांना जोडीनं परदेश सहल जाहीर केली होती, आणि कऱ्हाटीतल्या आमच्या दुकानाचा त्यात नंबर लागला. दुकानावर पाटी ह्यांच्या नावाची आहे. ह्यांचं काम मीटिंगांना जाणं आणि माझं काम काउंटरवर बसणं. डाळिंबावर कुठला डाग पडलाय हे पान हातात घेऊन मी सांगते, शेतकऱ्यालाही आणि ह्यांनी विचारलं तर ह्यांनाही. पण तिकीट आलं त्यावर ह्यांचं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, 'सोबत पत्नी'. म्हटलं, सोबत तर सोबत. कारण सहलीच्या कागदावर चौथ्या दिवसापुढं एक ओळ होती आणि ती वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागत नव्हतं. चाम बेटाची एक दिवसाची सहल, सांस्कृतिक स्थळांना भेटी, आणि नंतर डोळ्यांवर चष्मा, तोंडात नळी घालून समुद्राच्या पाण्याखाली बघणं.

माझं माहेर पळसदेव. उजनी धरणाचं पाणी चढलं आणि जुनं गाव खाली गेलं, तेव्हा मी नुकती चालायला लागले होते. शेत पाण्यात गेल्यावर माझ्या वडिलांनी, तात्यांनी, होडी घेतली आणि स्वतःच्याच रानावर मासे धरायला लागले. मला पोहायला त्यांनीच शिकवलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर वर यायचं, आणि मी काठावरून त्या शिखरापर्यंत पोहत जाऊन, त्याला हात लावून परत यायचे. मग लग्न होऊन कऱ्हाटीला आले. तिथं प्यायचं पाणी टँकरनं यायचं, तर पोहायचं कशात? वर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की आपल्यात बायका पाण्यात उड्या मारत नाहीत. त्यानंतर तीस वर्षं मी घोट्याच्या वर पाण्यात गेले नाही.

तात्या आता ऐंशीच्या घरात आहेत. होडी सुटली, पण काठावर जाऊन बसायचं सुटलेलं नाही. सहलीचं सांगायला मी पळसदेवला गेले, तर त्यांनी विमानाचं काही विचारलं नाही आणि परदेशाचंही नाही.

"तितल्या समुद्राचं पाणी पार तळापातूर दिसतं म्हणत्यात. व्हय का?"

दिसत असेल, मी म्हटलं.

"मी जलमभर आपल्याच गावावर होडी चालवली, पर खालचा तळ कदी दिसला न्हाय. पाणीच तसलं, गढूळ. तुला तितं दिसला तर नीट बघून ये. आन् मला सांग."

मी हो म्हटलं. तात्यांनी माझ्याकडं आजवर कधी काही मागितलेलं नाही. बाकीच्यांसाठी ती सहल असेल, माझ्यासाठी ते काम होतं.

पहिलं विघ्न मुंबईच्या विमानतळावरच आलं. सत्काराला शालीसोबत नारळ लागतो, म्हणून अध्यक्षांच्या बॅगेत अकरा नारळही होते. सुका नारळ विमानात चालत नाही असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. अध्यक्षांनी तिला आपण कोण आहोत ते सांगितलं. तिनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नारळ काढून ठेवले. मग व्हिएतनामच्या दा नांगला उतरल्यावर पहिलं काम नारळ शोधायचं. बाजारात मिळाली ती शहाळी. हिरवीगार, एकेक उचलताना कमरेत कळ यावी अशी. दुसरा कुणी असता तर त्यानं सत्कारांचा नाद सोडला असता. अध्यक्ष म्हणाले, नारळ तो नारळच, आणि अकरा शहाळी घेतली.

दुसरं विघ्न माझ्या घरातलंच. बेटावर जायच्या आदल्या दिवशी बसमध्ये पुण्याच्या टूर मॅनेजरनं फॉर्म वाटले. वय काय, आजार काय, पोहता येतं का. ह्यांनी दोघांचे फॉर्म भरले आणि स्वतःपुढं 'होय', माझ्यापुढं 'नाही' असं लिहिलं. हे लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकत होते, आणि डबा सोडायची वेळ यायच्या आत विहीर आटली. एवढंच त्यांचं पोहणं. मी म्हटलं, हे काय लिहिलंत? तर म्हणाले, सगळ्या महिलांपुढं 'नाही' लिहायचं अध्यक्षांनी ठरवलंय, तुझ्या एकटीचं वेगळं कशाला. मी तिथंच भांडायला हवं होतं. पण पुढच्या सीटवर अध्यक्ष आणि मागच्या सीटवर त्यांच्या बाई, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

सकाळी धक्क्यावर आमची गाईड भेटली. चणीनं लहान, डोक्यावर वेताची टोपी, वय आमच्या धाकट्या लेकीएवढं. तिनं पहिल्यांदा सांगितलं की बेटावर प्लॅस्टिकच्या पिशव्या नेता येत नाहीत. आता आमचा सगळा संसारच पिशव्यांत. धपाटी पिशवीत, शेंगदाण्याची चटणी पिशवीत, शाली तर गिरणीतून आलेल्या तशाच पिशवीत. ते सगळं सोडवण्यात अर्धा तास गेला. मग तिनं दिवसाचा कार्यक्रम सांगितला. आधी मंदिर, मग जुनी विहीर, मग बाजार, त्यानंतर एक तास पाण्यात. दुपारनंतर समुद्र खवळतो, म्हणून बाराच्या पुढं पाण्यात कुणालाही उतरवत नाहीत. मी तो एक तास मनात धरून ठेवला.

नव्या कामाला नारळ वाढवल्याशिवाय सुरुवात कशी करायची? अध्यक्षांनी शहाळं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि स्पीडबोटीच्या टोकावर आपटलं. शहाळं फुटत नसतं. ते उसळी मारून पाण्यात गेलं आणि बोटीचा कप्तान ओरडत धावून आला. अध्यक्षांना वाटलं, माणूस भारावलाय. पहिला सत्कार त्याचाच झाला. आमच्या ह्यांनी प्रास्ताविक केलं, एकानं परिचय करून दिला (नाव सोडून काहीच माहीत नव्हतं, तरी पाच मिनिटं), अध्यक्ष बोलले, आणखी एकानं आभार मानले. टूर मॅनेजर मराठीचं इंग्रजी करत होता आणि गाईड इंग्रजीचं तिच्या भाषेत. अध्यक्षांच्या दहा मिनिटांच्या भाषणाचं तिनं चार शब्दांत काम आटोपलं. मला ती तिथंच आवडली. मग तिचाही सत्कार झाला, आणि ती बिचारी एवढ्या उन्हात शाल पांघरून आमच्या पुढं चालायला लागली.

मंदिरात एक म्हातारे गृहस्थ अंगण झाडत होते. त्यांना शाल दिली तेव्हा त्यांना वाटलं आम्ही विकायला आलोय, आणि ते हात हलवून नको नको म्हणाले. आमच्याकडं सत्कारमूर्ती पहिल्यांदा नको नकोच म्हणतो, म्हणून कुणाला काही वावगं वाटलं नाही. शाल घालूनच सोडलं. त्यांच्यासोबत झाडणाऱ्या दुसऱ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही एक दिली.

मग विहीर आली. शेकडो वर्षांची जुनी, समुद्राच्या इतकी जवळ असून गोड्या पाण्याची, आणि गाईड म्हणाली की ती कधी आटत नाही. हे ऐकलं आणि आमची माणसं समुद्र विसरली. कऱ्हाटी-मोरगावाकडची माणसं ती, कधी न आटणारी विहीर त्यांनी कधी बघितली नव्हती. किती फूट खोल? झरा कुठल्या अंगाला? शेजारी कुणी बोअर मारला तर? गाईडला यातलं काही सांगता येईना, तर दोघंतिघं पालथं पडून आत बघायला लागले. एरवी मलाही कौतुक वाटलं असतं. त्या दिवशी मी फक्त मॅनेजरच्या हातातल्या घड्याळाकडं बघत होते. तिथं पाणी भरायला आलेल्या एका बाईला शाल मिळाली. ती शाल तिनं घागरीखाली चुंबळ करून डोक्यावर घेतली, आणि अकरांतली तेवढी एकच शाल खऱ्या अर्थानं कामी आली.

बाजारात तर कळस झाला. अध्यक्षांनी सत्कारासाठी निवडला तो नेमका शहाळीवाला. समोर शंभरेक शहाळ्यांचा ढीग, आणि आम्ही त्याला समारंभपूर्वक एक शहाळं दिलं. त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं, कोयता घेतला, तोंड उडवलं, नळी घातली आणि अध्यक्षांच्या हातात परत ठेवलं. शाल मात्र ठेवून घेतली. शेजारची वाळलेल्या माशांची दुकानदारीण आशेनं बघायला लागली, म्हणून तिचाही झाला. सात शाली संपल्या.

बोटीत बसलो तेव्हा गाईडनं सांगितलं, पाण्यात आता एक तास नाही, पंचवीस मिनिटं मिळतील. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. आणि खाडीत नांगर टाकल्या टाकल्या अध्यक्ष उभे राहिले. चार शाली उरल्या होत्या आणि उरलेल्या शाली परत न्यायच्या नसतात. आता आपल्याच लोकांचे सत्कार. आधी सोबत आलेल्या कंपनीच्या माणसाचा, मग टूर मॅनेजरचा, मग महिलांच्या वतीनं अध्यक्षांच्या बाईंचा, आणि शेवटी सचिवांच्या हस्ते स्वतःचा.

एकीकडं हे चाललेलं आणि दुसरीकडं गाईड यादी वाचून चष्मे आणि जाकिटं वाटत होती. ज्यांच्यापुढं 'होय', त्यांनाच. मी शेवटच्या नावापर्यंत ऐकलं. महिलांसाठी खरेदीची वेगळी सोय आहे, असं मला मॅनेजरनं शालीतून सांगितलं.

अध्यक्षांना शाल घालून झाल्यावर हे बोटीच्या मागच्या शिडीवर जाऊन बसले होते. अंगात सात नंबरचं जाकीट, कपाळावर चष्मा, आणि पाय पाण्याला लागू नयेत म्हणून वर घेतलेले. मी जवळ गेले.

"तुमी उतरणार हाय का?"

"जरा अंदाज घेतोय."

"मग द्या हिकडं."

ह्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि जाकीट, चष्मा, नळी काढून दिली. तेवढं मी खरं ते सांगेन. गाईडनं यादीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला इंग्रजी येत नाही. मी पाण्याकडं बोट केलं आणि छातीवर हात ठेवला. तिनं माझ्या जाकिटाचे पट्टे आवळले, चष्मा नीट बसवला आणि बाजूला झाली. मागं अध्यक्षांच्या भाषणात महिलांचा वाढता सहभाग आला होता. मी सहलीसाठी घेतलेल्या पंजाबी ड्रेससकट पाण्यात गेले.

पहिलं खारट पाणी नाकातोंडात गेलं. जाकीट गळ्याशी काचत होतं. उजनीच्या पाण्यात असं काही बांधून मी कधी पोहले नव्हते. मग पायांना आठवलं. पाय एकदा आठवले की बाकीच्या अंगाला काही करावं लागत नाही. मी तोंड पाण्यात घातलं आणि खाली बघितलं. तळ दिसत होता. उन्हाच्या रेघा थेट खालपर्यंत गेल्या होत्या, आणि ब्लाउजपीसच्या दुकानात असतात तेवढ्या रंगांचे मासे माझ्या हाताजवळून निवांत चालले होते. मी तळ नीट बघितला. दुसऱ्याला सांगायचा होता, म्हणून इकडून तिकडं जाऊन पुन्हा पुन्हा बघितला. मला रडू आलं. चष्मा घालून रडता येत नाही, काच धुरकट होते, हे तिथं कळलं. मग काच पुसली आणि पुन्हा बघायला लागले.

गाईडनं पाण्यातल्या कॅमेऱ्यानं सगळ्यांचे फोटो काढले होते. दुसऱ्या दिवशी ते जाकिटाच्या नंबराप्रमाणं नावं घालून ग्रुपवर आले. यादीत सात नंबर म्हणजे आमचे हे. फोटो फार सुंदर होता. निळं पाणी, चष्मा, नळी, आडवं सरळ अंग, मागं सोडलेले पाय. तोंड कुणाचं ते कळत नव्हतं, आणि भिजलेला ड्रेस झब्बा-पायजम्यासारखा दिसत होता. ह्यांनी तो बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता खरं काय ते लिहितील. तेवढ्यात अभिनंदनाचे अंगठे यायला लागले आणि ह्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

आम्ही घरी पोचायच्या आधी फ्लेक्स लागला होता. कऱ्हाटीच्या स्टँडवर एक, बारामतीत एक. परदेशी समुद्राचा तळ गाठणारे आमचे सचिव, हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांचे पंचवीस चेहरे, आणि वर समुद्रात मी. आठ दिवस लोक त्याखालून ये-जा करत होते. काउंटरवर एका गिऱ्हाईकानं विचारलं, वहिनी, मालक पाण्यात गेल्यावर तुम्हाला भीती नाही वाटली? मी म्हटलं, लई वाटली. हे खुर्चीत बसून ऐकत होते आणि पावतीबुक चाळत होते. मी मुद्दाम बोलले नाही. ते कधी बोलतायत, हे मला बघायचं होतं. रोज संध्याकाळी मला त्यांचा थोडा जास्त राग यायचा.

तात्यांना फोन लावला, तर त्यांना ऐकू येईना. म्हणाले, फोनवर नको, समोर आल्यावर सांग. आणि तात्या समोर आले ते थेट ह्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात. कारण सत्कारमूर्तीचे सासरे म्हणून त्यांनाही गाडी पाठवून आणलं होतं.

बारामतीतल्या मंगल कार्यालयात स्टेजच्या मागं तोच फोटो, फ्लेक्सवर भिंतभर मोठा केलेला. ह्यांच्या डोक्यावर फेटा. मी महिलांच्या रांगेत. तात्यांना टॉवेल-टोपी दिली आणि जावयाबद्दल दोन शब्द बोला म्हणून माइक हातात दिला. तात्या लोकांकडं तोंड करेनात. फ्लेक्सला नाक लागेल इतकं जवळ जाऊन ते बघत होते.

"हे जावई न्हाईत," ते म्हणाले. "ही माझी लेक हाय."

अध्यक्ष हसत हसत पुढं आले आणि म्हणाले की तात्यांचं वय झालंय. तात्यांनी माइक सोडला नाही.

"वय झालंय. पर पवायला मी शिकिवलंय. गुडघं बघा, कसं जुळल्यालं हायत. आन् गुडघं कळत नसतील तर बोटांतली जोडवी बघा."

सगळ्या कार्यालयानं वर बघितलं. दोन्ही पायांत जोडवी, प्रत्येक जोडवं आता बांगडीएवढं. आठ दिवस दोन तालुक्यांनी हा फोटो बघितला होता, शुभेच्छुकांमध्ये आपलं तोंड कुठं आलंय ते प्रत्येकानं शोधलं होतं, आणि पाय कुणीच बघितले नव्हते. महिलांच्या रांगेतून एक हसणं फुटलं आणि मग ते आवरेना.

हे उठले. मला वाटलं निघून जातात. त्यांनी तात्यांच्या हातातून माइक घेतला.

"तात्या खरं बोलत्यात. मी बोटीची शिडी धरून बसलो व्हतो. पाण्यात ही गेली व्हती. मी आदीच सांगायला पायजे व्हतं."

त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि तो हातात घेऊन उभे राहिले. माझा आठ दिवसांचा राग तेवढ्यानं गेला असं म्हणणार नाही. पण बराच गेला. अध्यक्ष मुरलेले. त्यांनी तिथल्या तिथं नवा सत्कार जाहीर केला आणि तोच फेटा माझ्या डोक्यावर ठेवला. तो पार कानांच्या खाली आला. त्यामुळं पुढची भाषणं मला ऐकू आली नाहीत, आणि इतक्या वर्षांत सत्काराचा झालेला एवढाच फायदा.

मी जाऊन तात्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझा फेटा एका कानावरून वर सारला.

"तळ दिसला का?"

"दिसला तात्या. सगळा दिसला. वाळू हाय, दगडं हायत, मासं हायत. कुणाचं घर न्हाय, देऊळ न्हाय. तितं खाली कुणाचंच काय बुडाल्यालं न्हाय."

तात्यांनी फ्लेक्सवरच्या निळ्या पाण्याकडं बघितलं.

"मंग ते पाणी सवच्छच असणार," ते म्हणाले.